अश्ववर्णवाचक शब्दांचा अर्थनिर्णय

कुमैत, सुरंग, मुश्की, समंद, सब्जा, नुकरा, अबलख, पंचकल्याणी ही घोड्याच्या रंगांची नावे मराठी वाचकाच्या कानांवरून कधी ना कधी गेलेली असतात. त्यांपैकी बहुतेक फारसी-अरबीतून आली, काही संस्कृतातून चालत आली. घोडा नित्याच्या व्यवहारातून गेल्यामुळे ही नावे आता मुख्यतः कोशांत, जुन्या कागदपत्रांत आणि घोड्यांच्या बाजारांत उरली आहेत. अशा शब्दांपुढे ‘घोड्याचा एक रंग’, ‘तांबूस’, ‘पिवळट’ असा एखाद्या शब्दाचा अर्थ देऊन मोकळे होण्याकडे कोशकारांचा कल असतो आणि तो समजण्यासारखा आहे. कारण शब्द रंगाचा, तेव्हा अर्थही रंगाचाच असणार, असे सहज वाटते. परंतु या वाटण्यातच दोष आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हे शब्द ज्या अर्थाने ‘तांबडा’ किंवा ‘काळा’ हे रंगवाचक आहेत, त्या अर्थाने रंगवाचक नाहीत. अंगाचा रंग एक आणि आयाळ, शेपूट, पाय व कातडी यांचा रंग दुसरा, या दोहोंमधील संबंधाचे ते वाचक आहेत. हा संबंध मनमानी नसून त्यामागे आनुवंशिक कारण आहे, हे गेल्या सव्वाशे वर्षांत, आणि विशेषतः १९९६ नंतर, स्पष्ट झाले आहे. भाषाभ्यासकाला अर्थनिर्णयासाठी भाषेबाहेरची कसोटी क्वचितच लाभते. येथे ती आयतीच हाती आली आहे.

रंगवाचक शब्दांच्या आधुनिक अभ्यासात हा शब्दवर्ग उपेक्षित राहण्यास एक कारण घडले. बर्लिन आणि के यांनी १९६९ साली मूलभूत रंगनामांच्या ज्या कसोट्या सांगितल्या, त्यांपैकी एक अशी की, जो शब्द वस्तूंच्या एका मर्यादित वर्गालाच लावता येतो तो मूलभूत रंगनाम नव्हे. या कसोटीने कुमैत-समंद एका फटक्यासरशी बाहेर पडतात. लुगडे कुमैत असत नाही आणि भिंत समंद असत नाही. कसोटी तिच्या हेतूपुरती योग्यच आहे. मात्र जे शब्द तिने वगळले, त्यांचा अर्थ कोणत्या स्वरूपाचा आहे हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. तो केवळ बाजूला पडतो.

‘कुमैत’ हाच शब्द प्रथम घेऊ. हा मूळचा अरबी. घडणीने तो लघुत्वदर्शक आहे. रंगाच्या नावाला लघुत्वदर्शक रूप का असावे, हा प्रश्न आठव्या शतकात सीबवय्हि या वैयाकरणाने आपला गुरू अल्-खलील यास विचारला होता. खलीलचे उत्तर असे की, हा वर्ण काळा आणि तांबडा यांच्या मधला आहे. यांपैकी कोणताही एक पूर्णपणे त्यात नाही, म्हणून लघुत्व. उत्तर मार्मिक आहे, पण घोडा ओळखण्यास त्याचा उपयोग नाही. तो उपयोग अरबी कोशकारांनी नोंदवलेल्या दुसऱ्या एका भेदाचा होतो. तांबड्या घोड्यांत ‘अश्कर’ आणि ‘कुमैत’ असे दोन वर्ग ते करतात आणि त्यांतील फरक आयाळ व शेपूट यांवर ठेवतात : दोन्ही तांबडी असतील तर अश्कर, दोन्ही काळी असतील तर कुमैत. अंगाची छटा किती गडद अथवा फिकी, याला या व्याख्येत स्थान नाही. मराठीत अश्करच्या जागी ‘सुरंग’ हा शब्द चालतो. त्याचा वापर काहीसा सैल आहे, पण कुमैताशी असलेला त्याचा विरोध टिकून आहे.

आता प्राणिशास्त्र काय सांगते ते पाहू. घोड्याच्या केसांतील सर्व रंग कृष्णरंजक वर्गातील दोनच द्रव्यांपासून होतात : एक काळे, युमेलॅनिन, दुसरे तांबडे-पिवळे, फिओमेलॅनिन. केस निर्माण होताना त्यात यांपैकी कोणते भरावयाचे हे रंगपेशीवरील एका ग्राहीवर अवलंबून असते. त्या ग्राहीला संदेश मिळाला की पेशी काळे द्रव्य करते. संदेश न मिळाला तर तांबडे. या ग्राहीचे जनुक, ज्यास एमसी१आर असे म्हणतात, घोड्याच्या तिसऱ्या गुणसूत्रावर आहे. त्याच्या एका पर्यायात एकाच अक्षराचा बदल होऊन ग्राही निकामी झालेली असते, हे स्वीडिश संशोधकांनी १९९६ साली दाखवले. आईबापांकडून असे दोन्ही निकामी पर्याय ज्या शिंगराला मिळतील, त्याच्या केसांत काळे द्रव्य उतरतच नाही : अंग, आयाळ, शेपूट, पाय, सारे तांबडे. हाच अश्कर, हाच सुरंग.

ग्राहीचा एक जरी पर्याय शाबूत असेल तरी काळे द्रव्य होऊ शकते. मग ते कोठे व्हावयाचे, हे दुसरे एक जनुक ठरवते. ते बाविसाव्या गुणसूत्रावर असून त्यापासून होणारे प्रथिन ग्राहीची वाट अडवते. ते आपले काम अंगावर करते, पण आयाळ, शेपूट, पायांचे खालचे भाग आणि कानांच्या कडा येथे त्याची मात्रा चालत नाही. परिणामी अंग तांबडे राहते आणि टोके काळी होतात. हा कुमैत. या दुसऱ्या जनुकातून अकरा अक्षरे गळालेला एक पर्याय आहे. तो २००१ साली उजेडात आला. दोन्ही बाजूंनी तोच मिळाला तर वाट अडवणारे कोणी उरत नाही व घोडा सर्वांगी काळा होतो. हा मुश्की, कस्तुरीवरून आलेले नाव.

यावरून अरबी कोशकारांची ‘आयाळ व शेपूट पाहा’ ही व्याख्या किती नेमकी होती, हे ध्यानात येईल. सुरंग आणि कुमैत यांच्यामध्ये त्यांनी आखलेली रेषा एका जनुकाच्या दोन पर्यायांमधील रेषेवर बरोबर पडते. उलटपक्षी, अंगाच्या रंगावर भिस्त ठेवणारा परीक्षक हमखास फसतो. सुरंगांत इतके गडद घोडे असतात की उन्हात उभे असतानाही ते काळे वाटावेत. आणि खरा काळा घोडा उन्हापावसात राहिला की त्याची पाठ व कुशी तांबूस होतात. पहिल्याच्या अंगावर काळ्या द्रव्याचा एकही केस नाही, दुसऱ्याचा प्रत्येक केस मुळाशी काळा आहे.

या भेदाचे फळ पैदाशीत दिसून येते. सुरंग घोडा व सुरंग घोडी यांची संतती सुरंगच व्हावयाची. जातिवंत शर्यती घोड्यांच्या वंशनोंदणीवरून सी. सी. हर्स्ट या इंग्रज संशोधकाने १९०६ साली हा नियम मांडला. मेंडेलचे नियम पुन्हा उजेडात येऊन त्या वेळी अवघी सहा वर्षे झाली होती. चार वर्षांनी, १९१० साली, अमेरिकेतील आल्फ्रेड स्टर्टेव्हंट या विद्यार्थ्याने घोड्यांच्या रंगांच्या वारशावर आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला. गुणसूत्रावरील जनुकांचा पहिला नकाशा ज्याने १९१३ साली काढला तोच हा स्टर्टेव्हंट. त्याच्या वडिलांच्या शेतावर घोडे होते आणि त्यांच्या वंशावळी जुळवण्याचा त्याला लहानपणापासून छंद होता. कुमैताचे मात्र तसे नाही. दोन कुमैतांच्या पोटी सुरंगही येऊ शकतो आणि मुश्कीही. दोघांतही दोन्ही जनुकांचे मिश्र पर्याय असतील, तर सोळांतील सरासरी नऊ शिंगरे कुमैत, तीन मुश्की व चार सुरंग अशी वाटणी अपेक्षित असते. ‘कुमैत’ हा अशा रीतीने पुष्कळ काही पोटात लपवून ठेवणारा वर्ण आहे, आणि सुरंग काहीही न लपवणारा.

भारतीय परंपरेत असाच विचार झालेला होता काय? या प्रश्नाचे उत्तर हेमचंद्राच्या (१०८८ ते ११७२) अभिधानचिंतामणीत सापडते. त्यात घोड्यांच्या वर्णनामांची जी मालिका आहे ती संस्कृत वाचणाऱ्याला चक्रावून टाकणारी आहे : कोकाह, खोंगाह, सेराह, खुंगाह, क्रियाह, त्रियूह, वोल्लाह, उराह, कुलाह, उकनाह, हलाह. यांचा ‘आह’ हा शेवट संस्कृताला परका आहे. घोड्यांच्या परदेशी व्यापाऱ्यांबरोबर हे शब्द आले असावेत, असा तर्क स्वाभाविक आहे. स्वतः हेमचंद्राने आपल्या टीकेत हे शब्द देशीप्राय असल्याचे सांगितले आहे. त्यांच्या व्युत्पत्ती तो देतो खरा, पण त्या केवळ वर्णांचा क्रम निश्चित व्हावा म्हणून, हेही तो मोकळेपणाने नोंदवतो. व्युत्पत्तीच्या बाबतीत इतका प्रांजळपणा पुढील काळातही दुर्मिळच राहिला.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, या मालिकेतील काही व्याख्या एकरंगी नाहीत. कपिल वर्णाचा तो त्रियूह; आणि तोच, पण आयाळ व शेपूट फिकी असलेला, तो वोल्लाह. किंचित पांढुरका, परंतु जंघा काळ्या असलेला तो उराह. किंचित पिवळा, परंतु गुडघ्यांशी काळा तो कुलाह. अंगाचा रंग सांगून झाल्यावर कोशकार पुन्हा केस आणि पाय यांकडे वळतो आणि तेथेच नाव बदलतो. वोल्लाह म्हणजे फिक्या आयाळीचा सुरंग अथवा सोनेरी घोडा. उराह व कुलाह हे काळ्या टोकांच्या घोड्याचेच, पण अंग फिके पडलेले प्रकार. अर्थात सर्वच व्याख्या अशा नाहीत; पुष्कळ ठिकाणी हेमचंद्रही ‘लोहित’, ‘पीत’ एवढ्यावर थांबतो, आणि तेथे आपलाही निरुपाय आहे.

हे फिके पडणे दोन निरनिराळ्या कारणांनी घडते आणि येथे शब्द व जनुक यांची जुळणी सुटू लागते. एक जनुक एकविसाव्या गुणसूत्रावर आहे. त्याचा विरळ करणारा एक पर्याय शिंगराला मिळाला तर तांबडे द्रव्य पिवळे पडते, काळे मात्र जवळजवळ तसेच राहते. त्यामुळे कुमैताचा पिवळ्या अंगाचा व काळ्या टोकांचा घोडा होतो, आणि सुरंगाचा सोनेरी अंगाचा व पांढऱ्या आयाळीचा. या सोनेरी घोड्यांचे वाण शुद्ध राहत नाही, ही पैदास करणाऱ्यांची जुनी तक्रार. आणि ती खरी आहे, कारण सोनेरी रंग हा एका पर्यायाचा परिणाम असल्याने सोनेरी जोडप्याच्या संततीत निम्मीच सोनेरी, पाव सुरंग आणि पाव जवळजवळ पांढरी निघतात. दुसरे कारण म्हणजे घोड्याचा रानटी वर्ण. त्यात केसाच्या एकाच बाजूस रंगद्रव्य साठते, म्हणून अंग फिके दिसते; पाठीच्या कण्यावरून आयाळीपासून शेपटापर्यंत गडद पट्टा जातो आणि पायांवर आडव्या रेघा असू शकतात. यामागील जनुक २०१६ साली निश्चित झाले. फारसीतील ‘समंद’ हा शब्द या दोहोंनाही सामावतो : पिवळट अंग, काळी आयाळ, काळे शेपूट, काळे पाय. पाठीवरच्या पट्ट्याची अट त्यात नाही. हेमचंद्राच्या कुलाहाचीही तीच गत. व्याख्येत पट्ट्याचा उल्लेख नसल्यामुळे दोहोंपैकी कोणता घोडा त्याच्यापुढे होता हे ठरवता येत नाही, आणि ठरवण्याचा आग्रहही धरू नये.

‘सब्जा’ची अडचण आणखी वेगळी आहे. फारसीत सब्ज म्हणजे हिरवा. पण हिरवा घोडा कोणी पाहिलेला नाही. काळ्या-पांढऱ्या केसांच्या सरमिसळीतून दिसणारी निळसर झाक या नावामागे आहे. राजस्थानी परंपरा चेतकाला ‘नीला’ म्हणते, आणि हेमचंद्राच्या मालिकेतील ‘आनील’ही याच वाटेवरचा दिसतो. सब्जा घोडा जन्मतः सब्जा नसतो. तो कुमैत, मुश्की किंवा सुरंग जन्मतो, आणि वर्षावर्षाला त्याचे केस पांढरे होत जातात. कातडी मात्र काळीच राहते. व्हिएन्नाच्या प्रसिद्ध अश्वशाळेतील शुभ्र लिपिझानर घोडे काळसर शिंगरेच असतात, आणि सहा ते दहा वर्षांत पांढरे होतात. पंचविसाव्या गुणसूत्रावरील एका जनुकातील सुमारे ४६०० अक्षरांचा तुकडा दुबार लिहिला गेल्यामुळे हे घडते, असे २००८ साली निष्पन्न झाले. तो तुकडा दोनदा आला तर पांढरेपणा सावकाश येतो आणि तिनदा आला तर लवकर, हा सूक्ष्म भेद २०२४ साली पुढे आला. हा गुण प्रभावी असल्यामुळे सब्जाच्या आईबापांपैकी निदान एक सब्जा असावाच लागतो. त्याची किंमतही घोड्याला द्यावी लागते : वयाची पंधरा वर्षे उलटलेल्या अशा घोड्यांपैकी बहुसंख्यांना कातडीच्या काळ्या गाठी होतात.

इतिहासाच्या अभ्यासकाला येथे थांबून विचार केला पाहिजे. अल्लाउद्दीन खिलजीने (कारकीर्द १२९६ ते १३१६) घोड्यास डाग देण्याची व स्वार-घोड्यांची वर्णनपत्रे ठेवण्याची पद्धत सुरू केली. अकबराने ती पुन्हा चालू केली. हेतू हा की, चांगला घोडा हजेरीला दाखवून प्रत्यक्षात निकृष्ट तट्टू बाळगण्याची लबाडी स्वारांना करता येऊ नये. अशा वर्णनपत्रात रंगाचा शब्द शोभेचा नसतो. तो पुरावा असतो. दोन सालांच्या यादींत एकाच स्वाराच्या नावापुढे आधी ‘कुमैत’ व नंतर ‘सुरंग’ आढळला, तर लेखकाची चूक सोडल्यास घोडा बदलला असे मानणे भाग आहे. कारण कोणत्याही वयात काळी आयाळ तांबडी होत नाही. परंतु आधी ‘कुमैत’ आणि काही वर्षांनी ‘सब्जा’ आढळला, तर लबाडीचा आरोप करण्यापूर्वी घोड्याचे वय पाहावे. दोन्ही शब्दांपुढे नुसते ‘घोड्याचा एक रंग’ असे लिहिणारा कोश या दोन प्रसंगांतील फरक दाखवूच शकत नाही.

पांढऱ्या दिसणाऱ्या घोड्यांत ‘नुकरा’ वेगळा ओळखण्याची खूण कातडी ही आहे. म्हाताऱ्या सब्जाच्या डोळ्यांभोवतीची आणि मुस्कटाची कातडी काळी असते, नुकऱ्याची गुलाबी. शब्द रुप्यावरून आला आहे. गुलाबी कातडी मात्र एकाच मार्गाने येत नाही. वर सांगितलेला विरळ करणारा पर्याय दोन्ही बाजूंनी आला तरी ती येते, आणि तेव्हा डोळे निळे असतात. रंगपेशीच कातडीपर्यंत न पोहोचल्यामुळेही येते, आणि तेव्हा डोळे बहुधा काळे राहतात.

‘अबलख’ या शब्दाविषयी अधिक सावधगिरीने बोलले पाहिजे. अंगावर पांढऱ्याचे मोठे पट्टे असलेला कोणताही घोडा अबलख. पण असे पट्टे पाडणारी जनुके अनेक आहेत. त्यांपैकी एकात पांढरा रंग पाठीवरून खाली उतरतो. हा प्रकार निरुपद्रवी असून दोन्ही बाजूंनी आला तरी अपाय होत नाही. दुसऱ्यात पांढरे डाग कुशींवर आडवे पसरतात, पाठीची कड रंगीत राहते. हा दुसरा पर्याय एकाच बाजूने आला तर घोडा धडधाकट असतो. दोन्ही बाजूंनी आला तर शिंगरू शुभ्र जन्मते आणि काही दिवसांतच पोटशुळाने मरते, कारण रंगपेशी आणि आतड्यांच्या मज्जापेशी यांचा उगम गर्भात एकाच ठिकाणी असतो व त्यांच्या वाटचालीला लागणारे एकच जनुक येथे बिघडलेले असते. हे १९९८ साली उघड झाले. या बाबतीत प्राचीन शब्दाने निसर्गातील सांधे अचूक ओळखले नाहीत, हे मान्य करावे लागेल. केवळ ‘अबलख’ या नावावर विसंबून जोडी लावणे घोडीच्या मालकाला महागात पडू शकते, आणि हा दुसरा पर्याय कधी कधी इतके थोडे पांढरे दाखवतो की घोड्याला अबलख म्हणण्याचेही कोणाच्या मनात येत नाही.

पांढऱ्या खुणांच्या नावांत भारतीय परंपरा विशेष रमली. चारही पाय व तोंड पांढरे तो पंचकल्याणी. शेपूट, छाती, चारही खूर, आयाळ व तोंड अशी आठ ठिकाणे पांढरी तो अष्टमंगल. येथे शुभाशुभाची कल्पना वर्णनावर स्वार झालेली आहे, त्यामुळे आनुवंशिक अर्थ शोधू नये. शिवाय या खुणांच्या आकारात गर्भावस्थेतील योगायोगाचा वाटा मोठा असतो, इतका की एकाच घोड्याच्या कृत्रिम प्रतिकृतींच्या पायांवरील पांढरेपणाही सारखा येत नाही. महाभारताच्या उद्योगपर्वात गालवाला गुरुदक्षिणा म्हणून आणावयाचे असलेले, चंद्रासारखे शुभ्र व एका बाजूचा कान काळा असलेले आठशे घोडे आठवतात. शुभ्र अंग व रंगीत कान असा घोडा असंभाव्य नाही. पट्टे पाडणारी दोन जनुके एकत्र आली की तो निपजतो. पण आठशे, आणि तेही एकाच कानाचे! गालवाला सहाशेच मिळाले, हेच आश्चर्य.

तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. बोलींचा शब्दसंग्रह करण्यासाठी आपल्या विभागाचे विद्यार्थी तेथे गेले, तर त्यांनी व्यापाऱ्याला रंगांचा तक्ता दाखवून ‘याला काय म्हणता?’ असे विचारू नये. त्यातून जमा होणारी यादी निरुपयोगी असते. घोडा समोर असताना नाव विचारावे आणि त्या नावापुढे सहा गोष्टी टिपाव्यात : अंग, आयाळ, शेपूट, गुडघ्याखालचा पाय, मुस्कटाची कातडी, डोळे. पाठीवर पट्टा आहे की नाही हे हात फिरवून पाहावे. मग त्याच व्यापाऱ्याला विचारावे की, या घोड्याचे शेपूट काळ्याऐवजी तांबडे असते तर नाव काय झाले असते. घोड्याचे वय आणि त्याच्या आईचा रंगही, सांगतील तर, लिहून घ्यावा.